आईचं खुराडं आणि अल ऐनची थंडी

अल ऐनला थंडी पडते, हे मी वसईत आजवर कोणालाही पटवू शकलेले नाही. आखात म्हटलं की लोकांना वाळू आणि घाम यापलीकडे काही दिसतच नाही. "तिकडे कसली गं थंडी?" असं मावश्या विचारायच्या आणि मी सांगायला लागले की मध्येच भलता विषय काढायच्या. पण डिसेंबर लागला की आमच्या अंगणात पहाटे असं धुकं उतरायचं, की समोरच्या भिंतीवरची बोगनवेल दिसत नसे. फरशीवर अनवाणी पाय ठेवला की माणूस नाचायलाच लागायचं. घरं सगळी उन्हाळ्याच्या भीतीनं बांधलेली, थंडीचा विचार कोणी केलेलाच नव्हता. दुपारी मात्र पुन्हा ऊन, स्वेटर दप्तरात. आता मी दुबईत अल मनखूलला मुलीकडे सहाव्या मजल्यावर राहते. इथे थंडी म्हणजे काय, तर बाल्कनीचं दार उघडं ठेवता येतं ते चार दिवस.

आम्ही एका अरबी घराच्या मागच्या बाजूला राहायचो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दोन्ही खोल्यांहून मोठं अंगण. पुढच्या घरात मालकीणबाई, उम्म सालेम. म्हातारी, काटक, चेहऱ्यावर जुन्या बायका लावायच्या तो मुखवट्यासारखा सोनेरी बुरखा, आणि ड्रायव्हर-मोलकरणींकडून शिकलेली तिची स्वतःची एक हिंदी. पप्पा अल ऐनमधल्याच एका इस्पितळात एसीच्या कामाला होते. एसी म्हणजे खिडकीतला डबा नव्हे. इमारतभर हवा खेळवणारे पत्र्याचे मोठाले बोगदे, त्यांना डक्ट म्हणतात, त्यांची देखभाल. ऑपरेशन थिएटरमधली हवा तासाला किती वेळा बदलते हे रोज तपासून सही करायची, हे पप्पांचं काम. त्या कामावर त्यांनी सात वर्षं एकट्यानं काढली होती, आणि आम्ही त्यांना वर्षातून एक महिना, सुट्टीवर आलेला पाहुणा म्हणून बघत होतो. माझा धाकटा भाऊ नेल्सन त्यांना पहिले काही दिवस 'अहो' म्हणायचा. आई फोनवर तेच म्हणायची ना, त्याला वाटलं हेच त्यांचं नाव.

फॅमिली व्हिसा मिळाला तेव्हा आई आली खरी, पण अट घालून. पहिल्याच संध्याकाळी, अजून दोऱ्या न सोडलेल्या खोक्यांमध्ये उभं राहून तिनं सांगून टाकलं, "ईस्टरपर्यंत बघते. नाही जमलं तर मुलांना घेऊन मी परत. तुम्ही तुमची नोकरी करा." पप्पा फक्त "बरं" म्हणाले. मी तेरा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. मला परत जायचं नव्हतं. शाळा फार आवडली होती अशातला भाग नाही. मला संध्याकाळी पप्पांच्या किल्ल्यांचा आवाज दारात ऐकायची सवय लागली होती. साडेपाचला तो आवाज यायचा, मग बूट काढल्याचा, मग "काय गं बाय, चहा झाला का?" मैत्रिणींच्या घरी हे रोज होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला त्याची चटक लागली होती.

आईचं मात्र जमत नव्हतं. ती भांडायची नाही, रडायची नाही, तेच वाईट होतं. वसईत दिवसभर तिच्या अंगणात कोणी ना कोणी यायचं. इथे गाडीशिवाय कोणी कुठे जात नाही आणि आमच्याकडे गाडी नव्हती. ती तांदळाची भाकरी थापायची, सुके बोंबील भाजायची, वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्यायची आणि मग त्या बंद स्वयंपाकघरात बसून राहायची. एके दिवशी उम्म सालेम मागच्या दारानं आली आणि तिनं पाय बांधलेल्या चार कोंबड्या आईच्या समोर ठेवल्या. "बच्चा लोग अंडा खायेगा," म्हणाली आणि गेली. आईनं एक कोंबडी उचलली, पंख फाकवून बघितला, पोट चाचपलं आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसली. "लबाड बाई. अंडी देणाऱ्या दिल्यात की गं."

पंधरा दिवसांत चाराच्या नऊ झाल्या. पाच आईनं गुरांच्या बाजारातून पप्पांच्या मित्राच्या पिकअपमधून आणवल्या. तीन मोठ्यांना तिनं आपल्या नणंदांची नावं ठेवली: आग्नेस, रोझी आणि सेबी. "आग्नेस, किती खाशील? दुसऱ्यांना ठेव काही!" असं ती अंगणातून ओरडायची आणि पप्पा आत पेपरामागे तोंड लपवून हसायचे. बहिणी त्यांच्याच, पण बोलायची हिंमत नव्हती. आईचा आवाज परत आला होता. सकाळी आम्ही त्या आवाजानं उठायचो, आणि शाळेतून आल्यावर अंडी गोळा करायचं काम नेल्सनचं. "मम्मी, सेबी इज नॉट शेअरिंग!" असं तो इंग्रजीत चहाडी करायचा, कारण एव्हाना त्याचं सगळं इंग्रजीत सुरू झालं होतं.

खुराडं आईनं आणि मी बांधलं. इस्पितळात सामान येतं त्या लाकडी पॅलेट पप्पांनी आणून दिल्या, वर पत्रा, चारी बाजूंना जाळी. उन्हाळ्याच्या शेवटी बांधलेलं, त्यामुळे सगळीकडून उघडं, नुसती सावली आणि मांजरांपासून आडोसा. एकदा पप्पा कागदावर काहीतरी आकृती काढून घेऊन आले होते. आईनं हात पुसत विचारलं, "हे काय?" पप्पांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "काही नाही. छान झालंय तुझं." त्या वेळी मला वाटलं, किती समजूतदार नवरा आहे.

मग थंडी आली. आमच्याकडे माणसाला सर्दी होवो, ताप येवो की गुडघा दुखो, कारण एकच: वारा लागला. आई वाऱ्याला जेवढी घाबरायची तेवढी सापालाही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी वाळवंटातून पहिला गार वारा आला आणि त्याच दुपारी तिनं खुराड्याला प्लास्टिक मारायला घेतलं. प्लास्टिकवर जुनी चादर, चादरीवर पोती. खालच्या फटी, वरच्या फटी, पत्रा आणि भिंत यांच्यामधली जागा, सगळं बंद. रोज संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की राहिलेल्या भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे, हे काम माझं. मी त्यात तरबेज झाले. आतून बॅटरी लावायची, बाहेरून प्रकाश दिसतोय का बघायचं आणि दिसेल तिथे बोळा. एक किरणही बाहेर येत नाही असं झालं की मी अभिमानानं आईला बोलवायचे. "शाबास," ती म्हणायची, "माझ्या लेकीच्या हातून मुंगी आत जायची नाही." आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

नाताळच्या आधी अंडी कमी झाली. आईनं ते मनावर घेतलं नाही. थंडीत कोंबड्या अंडी कमी देतातच. नाताळच्या फुग्यांसाठी, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोड गोळ्यांसाठी, तिला दुकानातली अंडी आणावी लागली आणि तेवढ्यावरून ती दिवसभर कुरकुरली. तरी फुगे झकास झाले. ताटभर उम्म सालेमकडे पाठवले. तिच्याकडेही पिठाचे असेच गोळे तळतात, वर खजुराचा पाक ओततात. तिनं आमचे फुगे चाखून निरोप पाठवला की चांगले आहेत, फक्त तुम्ही पाक घालायला विसरलात. आई खूप हसली. पण त्याच आठवड्यात खुराड्यातून घोरल्यासारखा आवाज यायला लागला. रोझीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसू लागला. सेबी मान लांब करून, चोच उघडी ठेवून बसायची.

आईनं ठरवलं, वारा लागला. पाण्यात हळद, खाण्यात लसूण, आणि खुराड्यावर आणखी एक ब्लँकेट. कोंबड्या जास्त आजारी पडल्या की आम्ही खुराडं जास्त बंद करायचो, आणि जास्त बंद केलं की त्या जास्त आजारी पडायच्या. हे इतकं सरळ होतं की आता लिहिताना लाज वाटते. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, दॅट्स सो ऑब्व्हियस!" असेल बाई. तुझ्या आईनं तुला तीन स्वेटर घालून शाळेत पाठवलं नाही कधी, म्हणून तुला ऑब्व्हियस.

वर्षाचा शेवटचा आठवडा चालू असताना आग्नेस मेली. सकाळी दार उघडलं तर खाली पडलेली, पाय ताठ. आईनं तिला फडक्यात गुंडाळलं आणि पप्पांनी भिंतीजवळ खड्डा खणला. जेवताना आई एवढंच म्हणाली, "इथलं हवामान कोणालाच मानवत नाही." कोंबड्यांना, असं ती म्हणाली नाही. कोणालाच, म्हणाली. दुपारी ती बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि मी दाराआडून ऐकलं: मार्चची तिकिटं बघून ठेव म्हणून ती सांगत होती. मार्च. ईस्टरही नाही. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. राहिलेल्या आठ कोंबड्यांचे श्वास आतून घरघर ऐकू येत होते आणि मला पक्कं कळत होतं की या गेल्या की आम्ही गेलो. पप्पांच्या किल्ल्या मग कुठल्याशा रिकाम्या घरात वाजतील आणि आम्ही पुन्हा महिन्याच्या पाहुण्याची वाट बघू.

दुसऱ्या दिवशी उम्म सालेम आली. खुराड्याभोवती एक फेरी मारून तिनं पोत्याचं टोक उचललं, प्लास्टिकखाली हात घातला आणि ओला हात बाहेर काढून आईच्या नाकासमोर धरला. "शूफ, देखो! पानी! हवा माफी, कुछ हवा नहीं. दजाज मर जायेगा, सब मुर्गी." आईनं मान हलवली, तिला चहा दिला, वाटेला लावलं आणि दार लावून घेत म्हणाली, "हिला सांगायला काय जातंय? इथे वारा कसला सुटतो ते बघते आहे ना मी." चांगल्या मनानं सांगितलेलं वाकड्या कानानं ऐकायचं, हा आमच्या घराण्याचा जुना गुण आहे. मी तो पुढे नेलेला आहे.

पण मला तो ओला हात विसरता येईना. त्यानंतरचा शुक्रवार, सुट्टीचा दिवस. आम्हाला चर्चमध्ये मिस्साला जायचं होतं, तिकडे ती शुक्रवारीच व्हायची, म्हणून मी लवकर उठले आणि आई आंघोळीला गेली असताना खुराड्याचं दार उघडून पहिल्यांदाच डोकं पार आत घातलं. आत पाऊस पडत होता. बाहेर आभाळ स्वच्छ, आणि आत पत्र्याच्या खालच्या बाजूनं थेंब धरलेले, टपटप कोंबड्यांच्या पाठीवर पडत होते. खालचा पेंढा ओला लगदा झालेला. आणि वास! तो नाकात नाही, थेट डोळ्यांत गेला. माझे डोळे असे झोंबले की मी मागे पडले. रात्रभर, रोज रात्रभर त्या ह्यात बसत होत्या, आणि एकेक भोक मोजून बुजवलं होतं मी.

पप्पा शर्टाला इस्त्री करत होते. मी त्यांचा हात धरून त्यांना ओढतच बाहेर आणलं. "रेजी, अगं, इस्त्री चालू आहे!" म्हणत ते आले, खुराड्यात वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं ते चकित होतील. ते चकित झाले नाहीत. पत्र्यावरून एक बोट फिरवून ते हळूच म्हणाले, "हेच होणार होतं."

आई केस पुसत मागे येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं. "काय होणार होतं?"

पप्पा सरळ झाले. "फिलू, कोंबड्या श्वास घेतात त्याची वाफ, विष्ठेची वाफ, ती कुठे जाणार? वर एक्झॉस्टच नाही. वॉर्ड असा पॅक केला ना, तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी खलास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"प्लास्टिक मारलंस त्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?" आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. "माझी कोंबडी मेली. खड्डा तुम्ही खणलात. तेव्हाही बोलला नाहीत?"

पप्पा जमिनीकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, सुट्टीच्या दिवशीही मिशी नीट कापलेली, आणि शाळेत उभं केल्यासारखा. "कोणत्या तोंडानं बोलू? सात वर्षं घर तू चालवलंस. नेल्सन झाला तेव्हा तर मी नव्हतोही. मी महिन्याचा पाहुणा. मी काही सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, इतकी वर्षं नव्हतात, आता आलात शिकवायला. आणि बॅग भरली असतीस."

"म्हणाले असते," आई म्हणाली. मग पुन्हा, जरा खालच्या आवाजात, "म्हणालेच असते. आणि मग ऐकलंही असतं. माणूस चिडतं, बोलतं, त्याचं काय एवढं? घरात मुक्यानं वावरणारा माणूस मला नको आहे हो. तसं तर मी तिकडे एकटी होतेच की." ती रडायला लागली. पप्पा तिच्याजवळ गेले, पण आम्ही बघत होतो म्हणून नुसता टॉवेल उचलून तिच्या हातात दिला. मी जोरात म्हणाले, "बोळे मी घातलेत. सगळे मीच घातलेत," आणि मीही रडायला लागले. नेल्सन दारात येऊन विचारू लागला, "इज समवन डेड?"

"नाही रे बाबा," आईनं नाक पुसलं, "आणि आता कोणी मरणारही नाही. काय करायचं ते सांगा. यल्ला, चला."

मिस्सा राहिली. देवानं ते मनाला लावून घेतलं नसावं. पप्पांनी पोती, चादर, ब्लँकेट सगळं ओरबाडून काढलं, मी बोळे काढले, एक एक, बादली भरली. लगदा झालेला पेंढा उपसला आणि पप्पांच्या ओळखीच्या सुताराकडून लाकडाचा कोरडा भुसा आणून टाकला. मग पप्पांनी पत्र्याच्या अगदी खाली, दोन समोरासमोरच्या बाजूंना, प्लास्टिक आणि जाळीत हातभर लांबीच्या फटी कापल्या. इस्पितळातून मोडीत निघालेल्या दोन तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या साहेबांना विचारून आणलेल्या त्यांच्याकडे पडून होत्या, त्या तिथे बसवल्या. कोंबड्या बसायचा दांडा वीतभर खाली घेतला. "थंडीनं कोंबडी मरत नाही, फिलू," ते स्क्रू पिळत बोलत होते, आणि मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. "तिच्या अंगावर तिची गोधडी आहे. ती मरते ओलीनं. हवा पाहिजेच, फक्त डोक्यावरून गेली पाहिजे, अंगावरून नाही. खालून तू प्लास्टिक मारलंयस ना, वाऱ्याच्या बाजूनं, ते बरोबर आहे. ते राहू दे."

"बघ," आई मला म्हणाली, "अर्धं बरोबरच होतं माझं."

"अर्धं," पप्पा म्हणाले. आणि आई चिडली नाही.

ठोकाठोकीचा आवाज ऐकून उम्म सालेम आली. जाळ्या बघून तिनं इतक्या वेळा मान डोलावली की बुरखा हलला. घरात जाऊन ती निखाऱ्यांचं धुपाटणं घेऊन आली, त्यावर लुबानचे खडे टाकलेले. इस्पितळात पप्पा असाच धूर सोडून हवेची चाल तपासायचे, आणि त्यांनी ते धुपाटणं तिच्याकडून घेऊन कोंबड्यांच्या दांड्याखाली धरलं. चर्चमध्ये असतो तोच वास. धूर दांड्यापर्यंत संथ चढला, पिसांना हलवल्याशिवाय वर गेला आणि पत्र्याखालच्या जाळीतून बाहेर पडला. आम्ही सगळे मान वर करून बघत होतो. "झाली आपली मिस्सा," आई म्हणाली.

तरी तिचा विश्वास बसला होता असं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती शाल गुंडाळून अंगणात होती, आणि मी तिच्या मागे. धुकं होतं, गारठा होता, आणि त्या उघड्या जाळ्या बघून मी आईच्या शालीचं टोक धरलं. आईनं दार उघडलं, पत्र्यावर हात फिरवला आणि मला दाखवला. कोरडा. आठही कोंबड्या पिसं फुलवून, एकमेकींना चिकटून, चेंडूसारख्या बसल्या होत्या. रोझीनं एक डोळा उघडला, आमच्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा मिटला. त्या डोळ्यात फेस होता, पण कमी होता. "जिवंत आहे गं," आई म्हणाली. तिनं मला शालीत ओढून घेतलं आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे.

सुधारणा एका दिवसात झाली नाही. सेबी आठवडाभर घोरत होती. पप्पा रोज कामावर जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा खुराड्यात वाकायचे आणि रोज काहीतरी सांगायचे: भुसा बदल, दांडा आणखी चार बोटं खाली घे. आई त्यातल्या अर्ध्या गोष्टींवर वाद घालायची. दोघांचे आवाज चढायचे. डाळीला फोडणी आधी की नंतर, इथपर्यंत भांडणं जाऊ लागली, आणि मी अभ्यासाच्या टेबलाशी बसून ती ऐकत असे, इतकी सुखात, की काय सांगू.

जानेवारी संपत आला होता. कामाचा दिवस, सकाळची घाई. सगळ्या कोंबड्या बऱ्या झाल्या होत्या. पप्पा उभ्यानं चहा पीत होते, मी वेणी घालत होते. आई भाकरी थापताथापता, तव्याकडे बघतच म्हणाली, "नेल्सनच्या शाळेत पुढच्या वर्षाचे फॉर्म कधी देतात हो?"

पप्पांनी कप खाली ठेवला. "फेब्रुवारीत."

"मग लक्षात ठेवा. उशिरा गेलं की बस लांबची मिळते, पोराला अर्धा तास जास्त." तिनं भाकरी उलटली. "रेजीचाही आणा."

पप्पा "हो" म्हणाले. मग कप उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा "हो" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ते कामावर उशिरा गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.